मुखदुर्गंधी : कारणे आणि उपचार
(आणे येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतील भाषण)



आजचा विषय चारचौघांत काढण्यास संकोच वाटावा असा आहे. परंतु या संकोचापायीच कित्येक मुलांचे नुकसान होते, म्हणून तो आपल्यापुढे मांडतो.

मी नवा शिक्षक असताना तिसरीच्या वर्गातील एका मुलाच्या तोंडाला सतत दुर्गंधी येई. शेजारची मुले नाक धरीत. मी त्याला सर्वांसमक्ष दात घासण्याविषयी बजावले आणि मागे एकटे बसविले. त्याने मोठ्याने वाचणे सोडले. उत्तर देताना तो तोंडावर हात धरू लागला. पुढे गाल सुजला तेव्हा वडिलांनी त्यास दंतवैद्याकडे नेले. खालची दाढ पोखरून मुळाशी पू झाला होता. मुलगा दात रोज घाशीत होता. दोष आळसाचा नसून रोगाचा होता.

मुखदुर्गंधी पोटातून येते असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः दहांपैकी आठनऊ वेळा तिचे मूळ तोंडातच असते. जिभेचा मागील भाग, हिरड्यांच्या फटी व किडक्या दातांची पोकळी येथे हवा नीट पोचत नाही. तेथे वाढणारे जंतू अन्नकणांतील प्रथिने कुजवितात आणि त्यांतून गंधकयुक्त वायू निघतात. सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड हा त्यांपैकीच एक होय. लाळ तोंड सतत धूत असते. झोपेत ती कमी होते म्हणून सकाळी वास येतो. तोंडाने श्वास घेणाऱ्या किंवा पाणी कमी पिणाऱ्या मुलास तो दिवसभर येऊ शकतो. उन्हाळ्यात पाण्याची टंचाई सोसणाऱ्या या पठारावर हे ध्यानात ठेवावे. येथील रंगदास स्वामींच्या यात्रेत आमटी-भाकरी जेवल्यावर मसाल्याचा वास राहतो, तो मात्र काही तासांत जातो. तो रोग नव्हे.

बडीशेप वा लवंग चघळल्याने वास झाकतो, रोग जात नाही. हिरड्यांतून रक्त येत असेल तर दातांवरील कीटण दंतवैद्याकडून काढून घ्यावे. त्याने दात हलू लागतात ही भीती खोटी आहे. हिरडी आधीच कीटणाने सैल केलेली असते. कीड वरवर असेल तर दात भरता येतो, नसेपर्यंत पोचली असेल तर रूट कॅनलचा उपचार करतात, आणि दात वाचण्यासारखा नसेल तरच तो काढतात. दात निरोगी असूनही वास राहिला तर घसा व नाक तपासून घ्यावे. एकाच नाकपुडीतून घाण स्राव येत असेल तर आत मणी किंवा चिंचोका अडकलेला असू शकतो.

मिसरीविषयीही बोलले पाहिजे. दंतमंजनात तंबाखू घालण्यास 1992 साली बंदी झाली, तरी घरी भाजलेली मिसरी अनेक घरांत आजही दातांना लावतात. तिने हिरड्या बिघडतात व तोंडाच्या कर्करोगास वाट मिळते. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूची विक्री करण्यास 2003 च्या कायद्याने मनाई आहे. परंतु गुरुजींच्याच खिशात तंबाखूची डबी असेल तर कायद्याचा उपयोग काय?

आपण करावयाचे ते थोडके आहे. दोन्ही वेळा दात घासणे आणि जीभ हलक्या हाताने साफ करणे मुलांस प्रत्यक्ष दाखवावे. त्यास तांब्याभर पाणी पुरते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, त्याच्या तपासणीत दातांचाही समावेश आहे. संशयित मुलांची यादी आधीच तयार ठेवावी. पालकांशी एकांतात बोलावे. वर्गात नाव घेऊ नये. पुढे उपचार झाला की नाही, याची विचारपूस करीत राहावे.

पहिलीच्या शिक्षकांनी एक गोष्ट विशेष पाहावी. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे एक नवी दाढ येते. दुधाचा दात न पडता ती येते, म्हणून घरचे तिला दुधाचीच समजतात आणि किडली तरी पडेल म्हणून सोडून देतात. ती कायमची असते. माझ्या त्या विद्यार्थ्याची दाढ तीच होती. ती काढावी लागली. मी त्याला पुन्हा पुढे आणून बसविले, परंतु वर्गात मोठ्याने वाचावयास त्याला वर्ष लागले.

आपल्या वर्गात कोणी तोंडावर हात धरून बोलत असेल तर उद्याच त्याच्याजवळ जाऊन बसा, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.