किल्ल्यावरचं भात

दिवाळीची सुट्टी जवळ आली की मी यादी करायला बसते. सवयच आहे मला. विरारहून अंधेरीला रोज लोकलनं जाणाऱ्या बाईला यादीशिवाय जगता येत नाही. डब्याची यादी, भाजीची यादी, आणि सुट्टी आली की सुट्टीची यादी. मुलं लहान होती तेव्हा तर पानंच्या पानं भरायची. कारण सुट्टी मुलांना लागते, आईला नाही. शाळेला अठरा-वीस दिवस आणि आपली रजा मोजून सहा दिवस. त्या सहा दिवसांत मुलांची सगळी हौस भागवायची, त्यांना घटकाभरही कंटाळा येऊ द्यायचा नाही आणि त्यांच्या कानावर वाईट काही पडू द्यायचं नाही, असा माझा खाक्या. तुमच्याही घरी थोडंफार असंच असेल.

२०१९ च्या दिवाळीत मात्र माझी यादी पार भिजून गेली. त्या दिवाळीची ही गोष्ट.

माझं सासर एडवणचं. पालघर तालुक्यातलं हे समुद्राकाठचं गाव. विरारला डहाणूची लोकल पकडायची, वैतरणेवरचे पूल ओलांडायचे, सफाळ्याला उतरायचं आणि पुढे एसटी. २०१३ च्या एप्रिलमध्ये डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली आणि गाव एकदम जवळ आल्यासारखं वाटलं. गाडीतून तांदूळवाडीचा डोंगर दिसला की मुलं चपला पायात घालून तयार. एका अंगाला समुद्र आणि सुरूची झाडं, दुसऱ्या अंगाला नारळाच्या वाड्या आणि भातशेती, मध्ये आमचं कौलारू घर. घरी सासूबाई आणि सासरे. त्यांना मी आई आणि अण्णा म्हणते. मुलांचे ते आजी-आजोबा. थोरली तेव्हा चौथीत होती, धाकटा बालवर्गात.

माझ्या यादीत त्या वर्षी काय काय होतं? किल्ला करणं, समुद्रावर दोनदा जाणं, आशापुरीच्या देवळात जाणं, केळव्याला घोडागाडी आणि थोरलीचा शाळेनं दिलेला दिवाळीचा अभ्यास. फटाके थोडे. फराळ आईंच्या हातचा. सगळं कसं आखून ठेवलेलं.

आम्ही गुरुवारी संध्याकाळी पोचलो तेव्हा पाऊस पडत होता. ऑक्टोबर संपत आलेला आणि पाऊस! मुलांना गंमत वाटली. एसटीतून उतरून दोघं चिखलातून उड्या मारत घरी गेली. ओटीवर अण्णा बसले होते. एरवी नातवंडं दिसली की फाटकापर्यंत चालत येणारा माणूस, पण त्या दिवशी नुसते हसले. नजर पुन्हा समोरच्या अंधारात. तिकडे शेत होतं.

रात्री मुलं झोपल्यावर मला कळलं. त्या वर्षी मान्सूननं परतायला फार उशीर केला होता. एरवी सप्टेंबरात वायव्य भारतातून सुरू होणारी माघार ९ ऑक्टोबरला सुरू झाली. तोवरच्या नोंदींत एवढा उशीर कधीच झाला नव्हता. मग १६ तारखेला मान्सून साऱ्या देशातून परतल्याचं जाहीर झालं. रेडिओवर ते ऐकून अण्णांनी दोन दिवस ऊन बघितलं आणि वीस गुंठ्यांचं शेत कापून टाकलं. कापलेलं भात दोन-तीन दिवस शेतातच वाळवतात, मग भारे बांधून खळ्यावर आणतात. भात आडवं झालं आणि पाऊस आला. बातमी खोटी नव्हती. मान्सून गेलाच होता. हा आला तो दुसराच पाऊस, अरबी समुद्रातल्या कमी दाबाच्या पट्ट्याचा. पुढे त्याचं 'क्यार' नावाचं वादळ झालं. किनाऱ्यावर ते धडकलं नाही, दूर समुद्रातूनच ओमानच्या दिशेनं गेलं, पण जाता जाता कोकणातल्या शेतकऱ्याच्या तोंडचा घास भिजवून गेलं. खोल समुद्रात गेलेल्या होड्या किनाऱ्याला परतल्या. शेतातलं भात कुठे परतणार?

आम्ही चौघांनी त्या रात्री ठरवलं, की मुलांना यातलं काही सांगायचं नाही. वर्षातून एकदा येतात, त्यांची दिवाळी कशाला बिघडवायची? ठरवलं म्हणजे मीच पुढाकार घेतला. आई म्हणाल्या, "तू म्हणशील तसं." अण्णा काहीच बोलले नाहीत.

मग सुरू झाला लपंडाव. अण्णा पहाटे शेतावर जाऊन यायचे आणि मुलं उठायच्या आत चिखलाचे पाय धुऊन ओटीवर बसायचे. नवरा टीव्हीवरच्या बातम्या आवाज बंद करून बघायचा. आई चकल्या तळताना मध्येच थांबायच्या, कौलांवरचा आवाज ऐकायच्या आणि मी आत आले की पुन्हा झारा हलवायच्या. आणि मी? मी यादीतल्या एकेका गोष्टीवर खूण करत होते.

किल्ला झाला. अंगणात जागा नव्हती, म्हणून ओटीच्या कोपऱ्यात. थोरलीला पुस्तकातला राजगड करायचा होता. अण्णा म्हणाले, "अगं, आपल्या शेजारचा भवानगड कर की. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांच्या फौजेनं बांधला तो, १७३७ साली. मग दोन वर्षांनी वसई घेतली." केळव्यापासून दातिवऱ्यापर्यंत आमच्या या किनाऱ्यावर लहानमोठे कोट आणि बुरूज विखुरलेले आहेत. अण्णांना त्यांच्या गोष्टी सांगायला आवडतात. दगड, माती, वर ओलं गोणपाट, त्यावर मातीचा लेप. धाकट्यानं मूठभर मोहरी पेरली. आता गडावर झाडी उगवणार म्हणून तो दर तासानं वाकून बघत होता. "आजोबा, कधी उगवणार?" अण्णा म्हणाले, "ओल आहे ना, मग उगवेल तीन दिवसांत. ओल मिळाली की बी थांबत नाही." हे सांगताना त्यांचा आवाज जरा वेगळा झाला. मुलांना ते कळलं नाही. मला कळलं.

रविवारी पहाटे अभ्यंगस्नान झालं. तुळशीपाशी डाव्या अंगठ्यानं कारीट फोडलं. संध्याकाळी लक्ष्मीपूजन. पूजेच्या चौरंगावर आई दरवर्षी नव्या भाताच्या लोंब्या ठेवतात. त्या वर्षी त्यांनी जुन्या कणगीतलं ओंजळभर भात ठेवलं. थोरलीनं विचारलं, "आजी, या वेळी लोंब्या नाहीत?" आई म्हणाल्या, "पाऊस आहे ना बाळा." पोरगी माझ्याकडे बघत राहिली. चौथीतल्या मुलीला दिसत नसतं असं आपल्याला वाटतं. तिला सगळं दिसतं. आपण काहीतरी लपवतोय हे तर आधी दिसतं.

सोमवारी पाडवा. सकाळी जरा उघडीप होती. मी अंगणात रांगोळी काढायला बसले होते. आतून धाकट्याची आरोळी आली, "उगवलं! उगवलं!" किल्ल्यावर मोहरीचे पोपटी कोंब आले होते. त्याच्या आनंदाला पारावार नव्हता. सगळ्यांना हाताला धरून आणून त्यानं ते दाखवले. नंतर कधी तो फाटकातून बाहेर पडला, कुणाच्या लक्षात आलं नाही.

परत आला तो गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला. हातात भाताची दोन-चार ताटं. धावत तो अण्णांपुढे जाऊन उभा राहिला आणि ताटं उंच धरून म्हणाला,

"आजोबा, आजोबा! तुमचं भातपण उगवलं!"

लोंबीच्या दाण्यादाण्यातून पांढरे मोड बाहेर आले होते.

ओटीवर कुणी बोलेना. आई दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. मी पुढे होऊन त्याच्या हातातली ताटं घेणार, एवढ्यात अण्णांनी मला खुणेनं थांबवलं. त्यांनी पोराला जवळ ओढलं. ताट हातात घेऊन उलटसुलट केलं आणि म्हणाले, "हो रे. उगवलं खरं. पण हे उगवायला नको होतं."

"का?"

मग अण्णांनी त्याला सांगितलं. साध्या शब्दांत, कीर्तन न करता. भात पेरायचं तेव्हा उगवलं पाहिजे आणि कापल्यावर झोपलं पाहिजे. झोपलेल्या दाण्याचा तांदूळ होतो. ओलीत राहून तो जागा झाला, की त्यातला पिठूळपणा कोंब खाऊन टाकतो. मग तो दाणा ना भरडायच्या कामाचा, ना बियाण्याच्या. थोरली येऊन शेजारी बसली होती. तिनं विचारलं, "सगळं शेत असं झालंय?" अण्णा म्हणाले, "खालच्या बाजूचं झालंय. वरच्या बाजूचं थोडं वाचेल, आणलं तर."

धाकटा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग आणू या ना."

इतकं सोपं होतं ते. पाच दिवस आम्ही चार मोठी माणसं कुजबुजत होतो आणि जे करायला हवं ते त्यानं दोन शब्दांत सांगितलं.

त्या दिवशी केळव्याची घोडागाडी राहिली. आम्ही सगळे शेतावर गेलो. अण्णा आणि नवरा वरच्या बांधाजवळचं भात उचलून भारे बांधत होते, आम्ही ते ताडपत्रीवर ओढून आणत होतो. थोरली लोंब्या निवडत होती. मोड आलेल्या एकीकडे, न आलेल्या दुसरीकडे. दुपारी पुन्हा सर आली. तोपर्यंत ओटी, पडवी आणि माजघर भातानं भरून गेलं होतं. पंखे लावले. घरभर ओल्या पेंढ्याचा वास. झोपायला जागा उरली नाही, म्हणून मुलं आजीच्या खाटेवर एकमेकांना लाथा मारत झोपली. झोपण्यापूर्वी धाकट्यानं मोड आलेली एक लोंबी किल्ल्यावर, दरवाज्याच्या आत रोवली. "ही तिथंच उगवू दे," म्हणाला. अण्णांनी तिला स्वतः पाणी घातलं.

रात्री आईंनी निवडलेल्या लोंब्या हातात चोळून पाहिल्या आणि बऱ्याच दिवसांनी त्या हसल्या. म्हणाल्या, "पोहे करायचे तर भात भिजवावं लागतं. यंदा देवानंच भिजवून ठेवलंय. उद्या भाऊबीज आहे, होऊन जाऊ द्या." दुसऱ्या दिवशी चूल पेटली. ओलं भात कढईत भाजून गरम गरम उखळात टाकायचं आणि मुसळानं कांडायचं. गार झालं की दाणा चेपत नाही, फुटतो. थोरलीनं मुसळ धरलं, आईंनी तिच्या हातांवर हात ठेवले. दोघींचा ताल जमायला वेळ लागला. मी सूप घेऊन पाखडायला बसले, तर निम्मे पोहे जमिनीवर. आई म्हणाल्या, "राहू दे, तुला ऑफिसचं पाखडता येतं." पोहे जाडेभरडे झाले, थोडे करपलेही. ओलं खोबरं आणि गूळ घालून खाल्ले. बहिणीनं भावाला ओवाळलं आणि त्याच्या तोंडात पहिला घास घातला तो त्याच पोह्यांचा. फराळाची ताटं तशीच राहिली.

उरलेलं वाचलेलं भात आईंनी उकडून घेतलं, म्हणजे ते टिकतं. खालचं अर्धं शेत मात्र गेलं ते गेलंच. पुढे नोव्हेंबरात 'महा' नावाचं आणखी एक वादळ अरबी समुद्रात घोंघावून गेलं. महिन्याच्या मध्यावर खरिपाच्या पिकांसाठी दोन हेक्टरांपर्यंत हेक्टरी ८ हजार रुपयांची मदत जाहीर झाली. आम्ही तेव्हा विरारला परतलो होतो. थोरलीनं पेपर वाचून वही काढली. एका हेक्टरचे शंभर गुंठे, म्हणजे गुंठ्याला ८० रुपये. वीस गुंठ्यांचे १६०० रुपये. उत्तर लिहून तिनं विचारलं, "आई, कापणीची मजुरी किती झाली होती?" शाळेनं दिलेल्या अभ्यासात हे गणित नव्हतं. पण ते सोडवताना ती रडवेली झाली नाही की घाबरली नाही. तिला फक्त खरं काय ते हवं होतं.

मला त्या दिवाळीनं एवढं शिकवलं. मुलांना सुखात ठेवायचं म्हणून आपण त्यांना घरातल्या काळजीपासून लांब ठेवतो. हेतू चांगलाच असतो. पण मग घर त्यांच्यासाठी पाहुण्यासारखं होतं. पाहुण्याला आपण फराळ देतो, अडचण सांगत नाही. कर्जाचे आकडे आणि दुखण्यांची नावं पाच वर्षांच्या पोराच्या डोक्यावर लादावीत, असं मी म्हणत नाही. त्याला पेलेल एवढंच सांगावं, आणि सांगताना हातात एखादं काम द्यावं. नुसती काळजी दिली तर मूल भितं. काळजीबरोबर एक सूप किंवा एक भारा दिला, तर ते घरचं होतं.

यादी मी अजूनही करते. मुलं मोठी झाली, ती आता माझ्या यादीला हसतात. समुद्र आणि केळवं यादीत असतंच, पण झोडणीचा दिवस सगळ्यात वर असतो आणि तो मी लिहीत नाही, अण्णा फोनवरून कळवतात. किंवा असं म्हणू, की धाकटा त्यांना विचारतो. दिवाळी आठवड्यावर आली की तो एडवणला फोन लावतो. पूर्वी त्याचा पहिला प्रश्न असायचा, "आजोबा, फटाके आणले का?"

आता तो विचारतो, "आजोबा, कापलं का? आभाळ कसं आहे?"