कडबाकुट्टीचा पट्टा बदलताना

पारनेरच्या अवर्षणप्रवण भागात दुधाच्या धंद्याला कडबाकुट्टीचा मोठा आधार आहे. मोटर फिरते, पण चारा टाकताच यंत्र अडखळते, रबर जळाल्याचा वास येतो; अशा वेळी आधी पट्टा तपासा.

काम सुरू करण्यापूर्वी नुसते बटण बंद करू नका, पिनही काढा. जुन्या पट्ट्यावरचा क्रमांक पाहा. ‘बी ५२’ म्हणजे बी प्रकारचा, आतून ५२ इंच लांबीचा पट्टा. तसाच आणा. दोन पट्टे असतील, तर दोन्ही एकदम बदला.

मोटरचे नट ढिले करून ती यंत्राकडे सरकवा. पट्टा हाताने बसवा. पाना किंवा पेचकस घालून ओढला, तर आतले धागे तुटतात. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का, ते दोरी ताणून पाहा. मग मोटर मागे ओढून नट आवळा आणि ताण असा ठेवा, की मधोमध अंगठ्याने दाबल्यावर पट्टा थोडासाच दबेल. पट्ट्याला तेल किंवा ग्रीस लावू नका. नवा पट्टा थोडा सैलावतो, म्हणून काही तास चालवल्यावर ताण पुन्हा तपासा.

आणि पट्ट्यावरची संरक्षक जाळी पुन्हा बसवल्याशिवाय यंत्र मुळीच सुरू करू नका. साडीचा पदर, उपरणे, लहान मुले यंत्रापासून लांब ठेवा.