अरुंद पेटीतला संगणक

इंदापूरकडच्या एका गुरुजींनी परवा विचारलं, "शाळेच्या अरुंद संगणकात नवं ग्राफिक्स कार्ड बसेल का हो?" पैसे गावच्या वर्गणीचे. चुकून चालायचं नाही.

मी म्हटलं, नुसतं लिहिणं-वाचणं असेल तर कार्ड नकोच. पण मुलांना घनाकृती चित्रं काढायला शिकवायचं असेल, तर आधी पेटी उघडून फूटपट्टी लावा. नेहमीच्या कार्डाची मागची पट्टी सुमारे १२ सेंटिमीटर उंच असते. अरुंद पेटीला ८ सेंटिमीटरची, बुटकी लागते. लांबी-जाडीही मोजावी.

दुसरी गोष्ट विजेची. खाचेतून कार्डाला फार तर ७५ वॅट मिळतात. अधिक हवे तर वेगळी तार लागते, आणि अशा पेटीत ती बहुधा नसतेच. नीरा डाव्या कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याला हे काय सांगायचं? पाणी किती पोचतं ते पाहूनच तो ऊस लावतो.

बसवण्याआधी विजेची तार काढावी, पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावावा. अंगातली स्थिर वीज निघून जाते. नंतर पडद्याची तार नव्या कार्डालाच जोडावी. ती जुन्याच जागी राहते, पडदा काळा दिसतो, आणि बिचाऱ्या कार्डाला दोष येतो!

गुरुजींनी काल मोजलं. पट्टी आठचीच निघाली. आता बुटकं कार्ड मागवलंय.