वालचंदांचे विमान आणि कर्नाडांचे नाटक



बंगळूरच्या मारतहळ्ळीच्या वतीने या संमेलनाला महाराष्ट्र, गोवा, बेळगाव, धारवाडहून आलेल्या नाट्यरसिकांचे स्वागत. आउटर रिंग रोडने येताना आपले जे हाल झाले असतील त्याबद्दल आधी क्षमा मागतो. एकीकडे मेट्रोचे काम, दुसरीकडे पुलाखालची कोंडी. पाहुण्यांच्या बस अडकल्याचे कळल्यावर आमच्या स्वयंसेवकांच्या तोंडचे पाणी पळाले होते. आपण सगळे सुखरूप पोचलात, आमचा जीव भांड्यात पडला.

गिरीश कर्नाड यांच्या नाट्य आणि चित्रपट कारकिर्दीवर अधिकाराने बोलणारी मंडळी इथे बसली आहेत. मी बोलणार आहे आमच्या भागाविषयी, कारण तो मान स्वागताध्यक्षाचा असतो.

इथून जवळच, जुन्या विमानतळ रस्त्याला लागून, हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना आणि धावपट्टी आहे. २००८ पर्यंत बंगळूरला येणारा प्रत्येक विमानप्रवासी तिथेच उतरायचा. तो कारखाना उभा केला सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. १९३९ साली मोटारींच्या कारखान्याच्या खटपटीत ते अमेरिकेला गेले होते. परतीच्या विमानात विल्यम पॉली नावाचा अमेरिकन गृहस्थ भेटला. तो चीनसाठी विमाने बनवत होता. दुसऱ्या कोणी गप्पा मारून वेळ काढला असता. वालचंदांनी विमानाच्या कारखान्याचाच विषय पक्का केला. म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी जमीन दिली, संस्थानाने भांडवलात वाटा उचलला आणि २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये इथे जुळवलेले हार्लो जातीचे प्रशिक्षण विमान आकाशात गेले. १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. ते बाजूला झाले, कारखाना राहिला. या परिसराचा रोजगार, वस्ती, बाजार, सगळे त्या धावपट्टीच्या आधाराने वाढले. आज इथल्या उंच इमारतींत संगणकावर काम करणाऱ्या हजारो मराठी मुलामुलींना वालचंदांचे नाव ठाऊक नाही, याची मला मनापासून खंत वाटते. सोलापूरकर इथे आले असतील तर त्यांनी आज मान ताठ ठेवून बसावे.

याच कारखान्यात घडलेले ‘मारुत’ हे लढाऊ विमान जून १९६१ मध्ये पहिल्यांदा उडाले. त्याच वर्षी धारवाडच्या मनोहर ग्रंथमालेने तेविशीतल्या कर्नाडांचे ‘ययाती’ प्रसिद्ध केले. योगायोगच आहे, पण मला तो फार प्रिय आहे.

नाटकाशी या शहराचे नाते त्याहून जुने. १६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या दरबारात अनेक भाषांतले कवी होते. जयराम पिंड्ये यांचे ‘राधामाधवविलासचंपू’ त्याची साक्ष देते. शहाजीराजांचे नातू, तंजावरचे शाहराजे, यांनी विष्णुदास भाव्यांच्या सुमारे दीडशे वर्षे आधी मराठीत नाटके लिहिली. आणि १८४३ साली सांगलीत भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभे केले, तेही उत्तर कन्नडमधल्या भागवत मंडळींचे खेळ पाहिल्यावरच. त्याच उत्तर कन्नडमधल्या शिरसीत यक्षगान आणि नाटक कंपन्या पाहत कर्नाड वाढले. जन्म माथेरानचा, घरची भाषा कोकणी, लेखन कन्नडमध्ये. त्यांचा ‘तुघलक’ मराठीत आणला विजय तेंडुलकरांनी, ‘हयवदन’ चिं. त्र्यं. खानोलकरांनी. एवढ्या तोलामोलाच्या नाटककारांनी दुसऱ्याच्या नाटकासाठी लेखणी उचलावी, यातच सगळे आले.

१९७० च्या ‘संस्कार’मध्ये ते प्राणेशाचार्य झाले आणि नाटककाराचा नट झाला. मग ‘निशांत’, ‘मंथन’, आणि दूरदर्शनवर ‘मालगुडी डेज’मधले स्वामीचे वडील. मला मात्र ते सर्वांत जवळचे वाटतात १९८२ च्या ‘उंबरठा’मध्ये. नायिका सुलभा घरी परतते आणि वकील नवरा तिला दुसऱ्या बाईविषयी सांगतो. कर्नाडांनी त्याला खलनायक होऊ दिले नाही. सभ्य, शिकलेला, बायकोवर जीव असलेला माणूसही किती तोकडा पडतो, हे त्या प्रसंगात दिसते. असा माणूस उभा करायला नाटककाराचीच समज लागते, असे माझे ठाम मत आहे. सिनेमाच्या कमाईवर घर चालते आणि नाटक मनासारखे लिहिता येते, हे ते मोकळेपणाने सांगत.

अखेरच्या काळात नाकात प्राणवायूची नळी लावून ते सभांना येत. १० जून २०१९ रोजी याच शहरात ते गेले. त्यांच्याच इच्छेप्रमाणे शासकीय इतमाम नाही, विधी नाहीत. कलपळ्ळीच्या स्मशानात साधेपणाने निरोप झाला.

आता व्यवस्थेविषयी. ठरलेले सभागृह ऐनवेळी हातचे गेले, म्हणून या मंडपात सोय करावी लागली. विमानांच्या आवाजाने वक्त्यांचा शब्द बुडेल, तेव्हा त्यांनी क्षणभर थांबावे. पाणी टँकरचे आहे. प्यायचे वेगळे, पिंपांवर पाट्या लावल्या आहेत. निवासाच्या खोल्यांत काही ठिकाणी तिघांना दाटीने राहावे लागेल, त्याबद्दल हात जोडतो. पाऊस आला तर पाठीमागच्या रांगा पुढे घेऊ.

देणगीदारांचे ऋण मोठे आहे. ज्यांनी मंडपाचा खर्च उचलला, ज्यांनी तांदूळ, गूळ, तूप पाठवले, ज्यांनी आपल्या घरी पाहुणे ठेवून घेतले, ज्या कन्नड शेजाऱ्यांनी वाहनांसाठी आपले अंगण मोकळे करून दिले, आणि ज्यांनी नाव न सांगता पाकीट हातात ठेवले, त्या सर्वांचे आभार. पहाटेपासून पुरणपोळ्या लाटणाऱ्या आमच्या भगिनींचे आभार शब्दांत मावत नाहीत. पोलीस, वीज कर्मचारी आणि सफाई कामगार सकाळपासून राबत आहेत, त्यांनाही नमस्कार.

जेवण दोन पंगतींत आहे. ज्येष्ठांनी आणि मधुमेहींनी पहिल्या पंगतीला बसावे. उद्घाटकांना दीपप्रज्वलनाची विनंती करतो आणि आपली रजा घेतो.