झाडावर चढणारा गडी आणि त्याची हत्यारं



मृग नक्षत्र तोंडावर आलं की घरोघरी एक काम निघतं. गोठ्यावर आलेली चिंचेची फांदी, विहिरीवर झुकलेला आंबा, कौलांना घासणारा फणस. वारा-वादळाच्या आधी फांदी उतरवायला हवी, असं घरात बोलणं होतं आणि गावातला एखादा हिंमतवान गडी बोलावला जातो. कमरेला कोयता, खांद्यावर कुऱ्हाड आणि अंगाला दोर नाही. दहा-वीस घाव घालून तो फांदी पाडतो. बहुतेक वेळा निभावून जातं. ज्या दिवशी निभावत नाही, त्या दिवशी एक घर उघड्यावर पडतं. म्हणून या कामाची नीट रीत काय, त्याला कोणती हत्यारं लागतात आणि काम करवून घेणाऱ्या मालकानं काय पाहावं, ते आज सांगतो.

परदेशात हा एक स्वतंत्र धंदाच आहे. तिकडे या कारागिराला झाडाचा शल्यवैद्य म्हणतात. इंग्लंडात जन्मलेला आणि अमेरिकेत ओहायो राज्यातल्या केंट गावी स्थायिक झालेला जॉन डेव्ही याने १९०१ साली झाडांच्या वैद्यकीवर पुस्तक लिहिले. त्या काळी झाडाची ढोली कोरून तीत सिमेंट भरीत. पुढे अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ अॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडे करवतीने उभी चिरून आतली लाकडे तपासली. त्यांना आढळले ते असे, की आपली कातडी भरून येते तसे झाडाचे लाकूड भरून येत नाही. झाड कुजका भाग आतल्या आत कोंडून टाकते आणि त्याच्याभोवती नवे लाकूड वाढवते. ढोली कोरताना ही कोंडी फुटते आणि कुज चांगल्या लाकडात शिरते. तेव्हा आपल्या जुन्या आंब्याच्या ढोलीत सिमेंट-वाळू भरण्याचा उद्योग करू नका.

आता हत्यारांकडे वळू. पहिलं हत्यार म्हणजे दोर. विहिरीवरचा जुना सोल किंवा बैलगाडीचा दोर इथे चालत नाही. चढाईसाठी मुद्दाम बनवलेला, १२-१३ मिलिमीटर जाडीचा, विणलेला दोर घ्यावा. त्याच्या जोडीला कमरेचा आणि मांड्यांचा पट्टा. नुसता कमरेला बांधलेला दोर पडताना पोटात रुततो. मांडीचे पट्टे असले की भार वाटला जातो आणि माणूस बसल्यासारखा तरंगतो. बारीक सुतळीला वजनाची लहान पिशवी बांधून ती उंच, भक्कम बेचक्यातून पलीकडे टाकायची आणि त्या सुतळीने मोठा दोर वर ओढून घ्यायचा.

दुसरा आखूड दोर बुंध्याभोवती घेऊन पट्ट्याला अडकवायचा. कापताना नेहमी दोन ठिकाणी बांधलेलं असावं. करवत चुकून एका दोरावर गेली तरी दुसरा राहतो. डोक्याला हनुवटीखाली बंद असलेलं शिरस्त्राण हवं. डोळ्यांना चष्मा हवा, कारण भुसा नेमका डोळ्यांतच जातो.

कापायला वाकड्या पात्याची, ओढताना कापणारी हातकरवत उत्तम. कुऱ्हाडीला हात मोकळा फिरवावा लागतो, तोल जातो आणि घाव फाटका होतो. इंजिनावर चालणारी साखळी-करवत अलीकडे बाजारात सहज मिळते. पण ती दोन्ही हातांनीच धरायची असते आणि खांद्याच्या वर कधी उचलायची नसते. जमिनीवर पक्का सराव झाल्याशिवाय ती झाडावर नेऊ नये. शिडीवर उभं राहून तर कोणतीच करवत चालवू नये. फांदी सुटली की तिचं वजन गेल्यामुळे उरलेला भाग उसळतो, नाहीतर सुटलेली फांदीच झोका घेऊन शिडी उडवते. बुटाला लोखंडी काटे लावून चढण्याची एक रीत आहे. ती फक्त तोडायच्या झाडासाठी. राखायच्या झाडाला प्रत्येक काटा एक नवी जखम करतो.

जाणता कारागीर आल्या आल्या चढत नाही. आधी झाडाभोवती फेरी मारतो. बुडाशी अळंबी उगवली आहे का? मुळाजवळची माती उचलली गेली आहे का? वर वाळकी फांदी लोंबते आहे का? आग्या मोहोळ, लाल मुंग्यांची घरटी आहेत का? झाडाची जातही तो बघतो. चिंच वाकेल पण सहसा तुटणार नाही. शेवगा, पांगारा, जांभूळ यांची फांदी कडकन मोडते. साल ओली असेल किंवा वारा सुटला असेल, तर तो काम दुसऱ्या दिवसावर टाकतो. अशा माणसाला भित्रा म्हणू नका. तोच खरा शहाणा.

विजेच्या तारा जवळून जात असतील तर वीज कंपनीच्या वायरमनला सांगून लाइन बंद करून घ्या आणि ती बंद झाल्याची त्याच्याकडून खात्री झाल्यावरच काम सुरू करा. ओल्या फांदीतूनही वीज उतरते. तार कापडाने झाकली, बांबूने दूर धरली, असले उपाय जिवावर बेततात.

आता कापण्याची रीत. जाड फांदी एका घावात तोडली, तर ती अर्धी तुटताच आपल्या वजनाने खाली येते आणि बुंध्याची साल लांबवर सोलून नेते. म्हणून तीन काप घ्यावेत. पहिला बुंध्यापासून सुमारे एक फूट अंतरावर, खालच्या बाजूने, जाडीच्या चौथ्या हिश्शापर्यंत. दुसरा त्याच्या इंच-दोन इंच पुढे, वरून. इथे फांदी सुटून पडते आणि साल पहिल्या कापाशी थांबते. मग उरलेल्या खुंटाचा तिसरा काप.

हा तिसरा काप कुठे घ्यायचा, यावर झाडाचं पुढचं आयुष्य ठरतं. फांदी बुंध्याला मिळते तिथे बहुधा कड्यासारखा फुगवटा दिसतो. जखम कोंडण्याची झाडाची ताकद तिथेच असते. ते कडं जागेवर ठेवून, त्याच्या लगेच बाहेर कापा. खुंट लांब ठेवला तर तो कुजतो आणि कुज आत शिरते; बुंध्याला घासून कापलं तर कडंच निघून जातं. काप बरोबर असला, तर काही काळाने त्याच्या कडेने गोल वळी वाढलेली दिसते. आंब्याच्या मोठ्या कापावर बोर्डो मलम लावावे. १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी, हे त्याचे प्रमाण. लोखंडी भांडे वापरू नये. पुढे बुंध्यातून भुसा पडताना दिसला तर भिरूड लागली असे समजून लगेच उपाय करा.

एरवी एका वेळी पाव भागाहून जास्त पालवी काढू नये. जुन्या आंब्याची बाग नव्याने फुटवण्यासाठी मोठी छाटणी करतात, ती कृषी विद्यापीठाच्या सल्ल्यानेच करावी. आंबा, फणस, चिंच, साग अशी झाडे १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्यात येतात. तोडायची किंवा मोठी छाटायची असतील, तर आधी तलाठ्याकडे किंवा वनखात्याच्या कचेरीत विचारा.

आता एक व्यवहाराची गोष्ट. पुष्कळ ठिकाणी मजुरीऐवजी लाकूड द्यायचा सौदा होतो. पैसे वाचल्यासारखे वाटतात. पण मग गड्याचं लक्ष जाड, निरोगी फांदीवर जातं आणि वाळकी, धोक्याची फांदी तशीच राहते. म्हणून रोजाने मजुरी ठरवा, कोणत्या फांद्या काढायच्या त्या खडूने किंवा चुन्याने खुणावून ठेवा आणि लाकडाचा हिशेब वेगळा करा. चांगला दोर आणि पट्टा घेणं एकट्या गड्याला परवडत नाही. चार-पाच बागायतदारांनी मिळून एक संच घ्यावा. नारळावर चढणाऱ्यांसाठी नारळ विकास मंडळाने २०११ पासून प्रशिक्षण सुरू केले. त्यात चढण्याचे यंत्र वापरायला शिकवतात. गावातल्या तरुणांनी अशा शिक्षणाची चौकशी करावी.

शेवटचं आणि महत्त्वाचं. हे काम एकट्याचं नव्हे. खाली एक जाणता गडी हवाच. पोरंबाळं, गुरं लांब ठेवणं, दोर सांभाळणं आणि वरच्या माणसाला काही झालं तर त्याला उतरवणं, हे त्याचं काम. पट्ट्यात निपचित लटकलेल्या माणसाला थोड्याच वेळात धोका होतो, म्हणून त्याला चटकन खाली घ्यावं लागतं. कोणी पडलाच तर त्याला उठवून बसवू नका, मान-पाठ वाकवू नका. १०८ ला फोन करा. हलवणं भागच असेल, तर चौघांनी मिळून फळीवर घ्या.

तेव्हा मंडळी, एवढं ध्यानात ठेवा:
• आधी दोर, मग करवत.
• कापताना दोन ठिकाणी बांधलेलं असावं.
• तीन काप. शेवटचा कड्याच्या लगेच बाहेर.
• तारेजवळ लाइन बंद झाल्याशिवाय चढू देऊ नये.
• मजुरी पैशांत, लाकडात नव्हे.
• खालच्या गड्याशिवाय वर कुणी नाही.

फांदी आज नाही उतरली तर उद्या उतरेल. चढलेला माणूस मात्र संध्याकाळी आपल्या पायांनी घरी गेला पाहिजे. ती जबाबदारी त्याला बोलावणाऱ्या मालकाचीही आहे.