हिमप्रदेशातील वेलगुलाब



गुलाब हिवाळ्यातून निभावला असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा त्याचे मूळ जगले एवढेच आपल्याला अभिप्रेत असते. परंतु वेलगुलाबाच्या बाबतीत एवढ्यावर भागत नाही, कारण ज्याला दर वसंतात जमिनीपासूनच नवे फुटवे काढावे लागतात, तो कमानीच्या माथ्याला पोहोचतो न पोहोचतो तोच पुन्हा बर्फाचा अंमल सुरू होतो, आणि पुष्कळशा जुन्या वेलजाती गतवर्षीच्या काष्ठावरच फुलत असल्यामुळे त्यांच्या नशिबी नुसती पानेच येतात. ओटावा किंवा विनिपेग येथे बिऱ्हाड थाटलेल्या आपणा मराठी मंडळींना तजवीज करावयाची, ती या काष्ठाची.

कॅनडाच्या कृषिखात्याच्या ओटावा येथील प्रयोगक्षेत्रात मूळच्या व्हिएन्नाच्या फेलिसिटास स्वेज्डा या विदुषींनी १९६१ च्या सुमारास गुलाबाच्या पैदाशीचे काम हाती घेतले. त्यांना आधार मिळाला तो जर्मनीतील गुलाब-पैदासकार कोर्डेस यांच्या एका आकस्मिक लाभाचा. रुगोसा आणि विचुराना या दोन पौर्वात्य जातींचा ‘मॅक्स ग्राफ’ हा संकर जवळजवळ वंध्य. परंतु त्याच्या बीजापासून उगवलेल्या एका रोपात गुणसूत्रे चौदाची अठ्ठावीस झाली आणि ते रोप बीजधारणक्षम निघाले. या कोर्डेसी वंशातूनच ‘जॉन कॅबट’ (१९७८) आणि ‘विल्यम बॅफिन’ (१९८३) हे दर्यावर्दींच्या नावांचे गुलाब ओटाव्यात निपजले. रोपांना कोणतेही आच्छादन न देता उघड्या शेतात हिवाळा काढावयास लावणे, ही स्वेज्डाबाईंची परीक्षेची रीत कठोर खरी. पण मला ती फार न्याय्य वाटते. बॅफिन उणे ३५ अंशांच्या आसपासची थंडी सोसतो, अडीच-तीन मीटर चढतो, आणि त्याच्या पानांवर काळे ठिपके क्वचितच पडतात. सुगंधाच्या बाबतीत मात्र स्वारी कृपण आहे.

रोप खरेदी करताना ते छाट्यापासून स्वतःच्या मुळावर वाढविलेले आहे काय, ही चौकशी अवश्य करावी. खुंटावर डोळा भरलेल्या झाडाचा वरचा भाग थंडीने मेला, तर पुढे खुंटच फोफावतो आणि मालकाला भलत्याच फुलांचा धनी व्हावे लागते.

आता एका जुन्या सवयीविषयी. पावसाळा सरताच ऑक्टोबरात गुलाब छाटावयाचा, हा पुण्या-नाशकाकडचा दस्तूर येथे घातक ठरतो, कारण शरद ऋतूतील छाटणीने जागे झालेले कोवळे कोंब पक्व होण्यापूर्वीच गोठतात. याच कारणास्तव उन्हाळा उतरू लागला की नत्राचे खतही थांबवावे. छाटणी वसंतात, डोळे फुगू लागल्यावर करावी, आणि जेथे गाभा तपकिरी न दिसता पांढरा-हिरवा दिसेल, तेथवरच कातर चालवावी.

वेलगुलाबाला तणावे नसतात, त्यामुळे तो आपण होऊन चढत नाही. फांद्या जाळीला हातानेच बांधाव्या लागतात. त्या सरळ उभ्या बांधल्या तर शेंड्याच्या वर्चस्वामुळे खालचे डोळे निद्रिस्त राहतात आणि फुले केवळ माथ्यावर येतात. त्याच फांद्या आडव्या ओढून सुतळीच्या सैल गाठीने बांधल्या, की प्रत्येक डोळ्यातून एकेक आखूड फुलोऱ्याची फांदी निघते.