विसरलेला हात : एमी मॅन यांची गाणी



‘चाल गोड असली की शब्दांकडे कोण बघतो?’ हे वाक्य साहित्याच्या बैठकींत आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे, आणि बहुधा तक्रारीच्या सुरातच. मी आज नेमकं उलट म्हणणार आहे. चाल गोड असते म्हणूनच अवघड शब्द आत शिरतात. उदाहरण मात्र दूरचं घेतलं आहे: एमी मॅन या अमेरिकन गीतकार-गायिकेचं. गीतं त्या स्वतः लिहितात, चाली स्वतः बांधतात. त्यामुळे कवीवर संगीतकारानं अन्याय केला, असं म्हणायची सोयच इथं राहत नाही.

त्यांचा जन्म 1960 चा, व्हर्जिनिया राज्यातला. ‘टिल ट्यूझडे’ या बॉस्टनच्या बँडमधून 1985 साली त्या लोकांपुढे आल्या. एकटीचा पहिला अल्बम ‘व्हॉटेव्हर’ 1993 मध्ये निघाला. त्यातल्या एकाच गाण्यापाशी थोडं थांबू. ‘फिफ्टी इयर्स आफ्टर द फेअर’ हे त्याचं नाव. रॉजर मॅग्विन यांची बारा तारांची गिटार त्यात खणखणत असते. दुसऱ्याच ऐकण्यात माणूस ते गुणगुणू लागतो. आणि विषय? न्यूयॉर्कचं 1939 चं जागतिक प्रदर्शन. ‘उद्याचं जग’ ही त्याची कल्पना होती. जनरल मोटर्सच्या दालनात प्रेक्षकांना खुर्च्यांत बसवून वरून 1960 सालची अमेरिका दाखवत: रुंद रस्ते, सुरळीत धावणाऱ्या मोटारी, नीटनेटकी शहरं. एप्रिलमध्ये प्रदर्शन उघडलं आणि सप्टेंबरमध्ये युरोपात युद्ध पेटलं. ज्या वर्षाचं स्वप्न तिथं दाखवलं, त्याच वर्षी जन्मलेली बाई पन्नास वर्षांनंतर त्याकडे वळून पाहते आहे. गाणं उपहास करत नाही, रडतही नाही. आधीच्या पिढीनं किती भाबडेपणानं आपल्यासाठी भविष्य मांडून ठेवलं होतं, याचं हळहळणं त्यात आहे, आणि ती हळहळ बसवली आहे नाचऱ्या चालीवर. संथ, उदास चाल दिली असती तर तीच गोष्ट भाषण झाली असती.

त्याच अल्बममधल्या ‘जेकब मार्लीज चेन’ या गाण्याच्या नावात डिकन्सच्या कथेतलं भूत आहे: हयातीतल्या व्यवहारांच्या कड्या जोडून झालेली साखळी फरफटत नेणारं. नंतरच्या एका गाण्याच्या नावात पाव्हलोव्हची घंटा आहे. संदर्भ ठाऊक नसला तरी ऐकणाऱ्याचं फारसं अडत नाही. चाल त्याला शेवटापर्यंत नेते. संदर्भ मागाहून कळतो, आणि तोवर गाणं पाठ झालेलं असतं.

एकनाथांना ही युक्ती ठाऊक होती. भारुडाचा ठेका आधी पाय हलवतो, अर्थ नंतर उलगडतो. फरक एवढाच की भारूड बहुतेक वेळा शेवटी किल्ली हातात देतं. मॅन किल्ली देत नाहीत.

बाजाराला हे मानवलं नाही. पहिला एकल अल्बम काढणारी कंपनी लवकरच बंद पडली. पुढची दुसऱ्या एका मोठ्या समूहात विलीन झाली, आणि तयार होत आलेल्या ‘बॅचलर नंबर टू’मध्ये खपेल असं गाणं नाही, असं तिथल्या लोकांचं मत पडलं. मॅन यांनी स्वतःच्याच गाण्यांचे हक्क विकत घेतले, ‘सुपरइगो’ नावाची स्वतःची कंपनी काढली आणि 2000 साली तो अल्बम स्वतः बाजारात आणला. गंमत अशी, की त्याच सुमारास, 1999 च्या डिसेंबरात, पॉल थॉमस अँडरसन यांचा ‘मॅग्नोलिया’ हा चित्रपट आला. तो त्यांच्या गाण्यांवरूनच सुचला, असं दिग्दर्शकानं स्वतः सांगितलं आहे. एका गाण्याची ओळ तर एका पात्राच्या तोंडी संवाद म्हणून येते. ‘वाइज अप’ हे गाणं वेगवेगळ्या ठिकाणची पात्रं एकामागून एक, आपापल्या एकांतात गातात. ही माणसं कवितेच्या वाटेला जाणारी नव्हेत. तरीही ते शब्द त्यांच्या तोंडी शोभतात, कारण चालीनं ते आधीच तोंडात बसवलेले असतात. ‘सेव्ह मी’ला ऑस्करचं नामांकन मिळालं.

आता ‘द फरगॉटन आर्म’, 2005. मॅन स्वतः मुष्टियुद्धाचा सराव करत असत, आणि हे नाव त्या खेळातल्या एका डावाचं आहे. एका हातानं ठोसे मारत राहायचं. दुसरा इतका वेळ राखून ठेवायचा की समोरचा तो विसरूनच जातो. मग त्याच हातानं प्रहार करायचा. अल्बममध्ये बारा गाण्यांची एक कथा आहे. काळ 1970 च्या आसपासचा. जॉन हा व्हिएतनामहून परतलेला मुष्टियोद्धा. व्हर्जिनियाच्या जत्रेत त्याला कॅरोलाइन भेटते, दोघं घर सोडून निघतात आणि त्याचं व्यसन त्यांच्याबरोबर निघतं. वेष्टन जुन्या स्वस्त कादंबरीसारखं सजवलेलं आहे. त्याला ग्रॅमीही मिळालं. व्यसन हा विषय उपदेशाला फार सोपा. इथं उपदेश नाही. आहे ती दमणूक: व्यसनी माणसावर प्रेम करणाऱ्या बाईची, आणि आपण तिला दमवतो आहोत हे कळणाऱ्या त्या माणसाची. ऐकणारा चालीकडे लक्ष देऊन असतो. शब्द हा इथला विसरलेला हात.

सगळंच साधलं आहे असं मी म्हणणार नाही. मधल्या काही गाण्यांची लय एकसारखी होते आणि कथा रेंगाळते. शिवाय ही गीतं कागदावर कविता म्हणून छापावीत, या मताचा मी नाही. चालीविना ती निम्मी उरतात. त्यात त्यांचा कमीपणा काय? बंदिशीला तरी आपण पुस्तकात वाचून कुठे न्याय देतो?

‘मेंटल इलनेस’ हा 2017 चा अल्बम. पुढच्याच वर्षी त्याला लोकसंगीताच्या विभागात ग्रॅमी मिळालं. त्यातलं पहिलं गाणं ‘गूज स्नो कोन’. नाव बडबडगीताचं वाटतं, आणि सुरुवातही झाली ती एका मैत्रिणीच्या मांजरीच्या फोटोवरून. मॅन तेव्हा परदेशी दौऱ्यावर होत्या. मांजरीचं नाव गूज, आणि तिचा पांढरा चेहरा बर्फाच्या गोळ्यासारखा. गाणं पुढं सरकतं तसं ते मांजरीचं राहत नाही. घरापासून लांब असलेल्या बाईचं होतं. चाल मात्र शेवटपर्यंत बाळाला झोपवावं इतकी हलकी.